फुंकरीवर चालणारी काच

वसईजवळच्या निर्मळ गावच्या हिरामण चुरींना केळीवरची कीड लांबून ओळखता येई. सोनचाफ्याची कळी उद्या उमलणार की परवा, हे ते बोट लावून सांगत. पण आपली मुलगी दिवसभर काय करते हे काही त्यांना कुणाला नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "काचेवर रंग चढवते. उजेडात धरली की त्यातनं वीज निघते."

"रंग नाही हो अण्णा, थर," हेमांगी वैतागून म्हणायची. पण तिलाही ठाऊक होतं, की वडिलांनी एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

विरारच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, ती काचेच्या लहान पट्ट्यांवर दोन थर चढवत असे. आधी जस्ताच्या ऑक्साइडचा. तो इतका पातळ, की काच तशीच आरपार दिसे. तिरकी धरली तरच तिच्यावर जांभळट-हिरवी झाक येई. त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा, जुन्या कौलाच्या रंगाचा. दोन्ही थर मिळून केसाच्या जाडीलाही पुरले नसते. ते जिथे एकमेकांना चिकटतात त्या सांध्यावर उजेड पडला, की जराशी वीज सुटते. सिलिकॉनच्या चकत्यांवाचून, भांडेवाल्याकडेही सापडतील अशा धातूंपासून सौर घट बनवायचा, हे तिचे गाइड डॉ. चंद्रहास केणी यांचं आयुष्यभराचं वेड. 'वेड' हा शब्द त्यांचाच. दुसऱ्या कोणी वापरलेला त्यांना चालत नसे.

हेमांगीचा हात चांगला होता. लहानपणी ती आईबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायची. कळीला नख लागलं की नर्मदाबाई मनगटावर चापट मारत, कारण डागाळलेली कळी दादरच्या बाजारात कोणी घेत नाही. तोच हात आता तापलेल्या काचेवर थराचा फवारा सोडताना कामी येत होता. केणी सरांनी तिला निवडलं ते हा हात बघूनच. पण तसं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, "बघू किती दिवस टिकतेस."

सरांची शिकवण्याची रीत सगळ्या विभागाला माहीत होती. थर बिघडला की ते पट्टी चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवत, मग कचऱ्याच्या डब्यात टाकत आणि काच फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबत. "यापेक्षा बापाच्या केळीच्या पानावर फवारलं असतंस तर किडे तरी मेले असते," ते हेमांगीला म्हणाले होते, तेही पहिल्याच महिन्यात. सगळे हसले. हेमांगीही हसली. आपल्यावरच्या विनोदाला आपणच आधी हसलं की तो कमी लागतो, हे ती त्या दिवशी शिकली. वर्षभराने तिच्या लक्षात आलं, की सर आता दुसऱ्यांवर बोलतात आणि हसायच्या आधी तिच्याकडे बघतात. ती हसली की तो विनोद ठरे. हे तिला आवडू लागलं. खोटं कशाला बोला, खूपच आवडू लागलं.

आणखी एक गोष्ट ती शिकली होती, सरांकडे यायच्याही आधी. एफवायला असताना वर्गात उत्तर देताना तिच्या तोंडून घरच्या बोलीतला एक शब्द निघून गेला होता. मागच्या बाकांवरून तो शब्द आठवडाभर तिच्या अंगावर फेकला गेला. तेव्हापासून निर्मळच्या वेशीबाहेर हेमांगी छापील मराठी बोलायची. स्कूटर सुरू केली की भाषा बदले, घरी येऊन ती स्टँडवर लावली की पुन्हा बदले.

चार वर्षं काचांनी काहीच दिलं नाही. दिलं ते इतकं थोडं, की सर त्या आकड्याकडे बघून नुसते "हं" म्हणत. मग एका पावसाळ्यात, भिंतींना ओल आलेली असताना, एका पट्टीने दिव्याखाली असा आकडा दाखवला की हेमांगीने मीटरच्या तारा काढून पुन्हा लावल्या. आकडा तोच. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, सगळ्यांचं तसंच. सर धावत आले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते दम खात उभे राहिले. त्यांचं वय तिला पहिल्यांदाच दिसलं.

"सर, एक आहे," ती म्हणाली. "दिवा बंद केला तरी आकडा शून्यावर येत नाही."

हे मामुली नव्हतं. सौर घटाला उजेड नसेल तर वीज नसते. अंधारात त्याने शून्य दाखवलंच पाहिजे. न दाखवणारा घट म्हणजे विहीर आटली तरी भरून येणारी बादली. ती भरत असेल तर पाणी दुसरीकडून कुठून तरी येतंय.

"मीटरची खोड आहे ती," सर म्हणाले. "शून्य सरकव."

"म्हणजे?"

"म्हणजे आलेखाची रेघ उचलायची आणि शून्यावर आणून ठेवायची. सगळी रेघ सारखीच सरकते. इतकी वर्षं काय शिकलीस?"

तिने रेघ सरकवली. पहिल्यांदा तिचा हात जरा अडखळला. नंतर नाही.

त्या आलेखावर शोधनिबंध छापून आला, पाठोपाठ दुसरा. स्थानिक वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, त्यांच्या मागे हेमांगी, हातात पट्टी धरलेली. हिरामणअण्णांनी तो अंक फुलांच्या टोपल्या चढवायच्या नाक्यावर नेऊन सगळ्यांना दाखवला. निर्मळमध्ये तेव्हापासून लोक तिला 'डॉक्टरीण' म्हणू लागले. "अजून व्हायचंय," ती म्हणे. "होशील की," लोक म्हणत.

त्याच सुमारास सालोमी आली. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. बाप होडीवर, आई मासळी घेऊन बाजारात. एमएस्सीला पहिली आलेली, बोलायला मोकळी, आणि बोलायची तशीच्या तशी घरची भाषा. 'पाणी' तिच्या तोंडी 'पानी' होई, 'कोण'चं 'कोन'. ते कुणाला खटकेल असं तिच्या मनातही येत नसे. हेमांगीला ते खटकलं, आणि त्याहून जास्त खटकलं ते तिच्या मनात न येणं. ही मुलगी आपल्या बोलीला झाकत का नाही? आपण झाकली ती मग कशासाठी?

सालोमीला काम दिलं होतं हेमांगीच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम. डिसेंबरात हवा कोरडी झाली तशा पट्ट्या मेल्या. सर म्हणाले, थर जुना झाला. सालोमीला ते पटलं नाही. तिने एक पट्टी सिलिका जेल घातलेल्या झाकणाच्या बरणीत ठेवून आणखी कोरडी केली, मग बाहेर काढून काळ्या डबीत घातली आणि मोजली. शून्य. मग तिने डबीच्या फटीतून तिच्यावर हलकीशी फुंकर घातली, आरशावर वाफ धरतात तशी. आकडा उठला. दिवा नाही, ऊन नाही, आणि काच वीज देतेय.

शनिवारच्या बैठकीत ती उभी राहिली.

"सर, आपली काच उजेडावर नाय चालत. तिच्या थरात पानी शिरतं."

"काय शिरतं?" सरांनी विचारलं.

"पानी."

सरांनी मान वळवली. "हेमांगी, हे 'पानी' काय असतं गं? तुमच्या वसईतलंच ना?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. हेमांगी म्हणाली, "आमच्याकडे पाणी असतं सर."

हशा झाला. सालोमी हसू थांबायची वाट बघत उभी राहिली, आणि थांबल्यावर पुढे बोलू लागली. दमट हवेतलं पाणी थरात मुरतं, जस्त आणि तांब्यामध्ये बॅटरी तयार होते, दिव्याच्या उष्णतेने ती जोरात चालते म्हणून आपल्याला वाटतं उजेडाने चालतेय. शेवटी थर झिजतो नि काच मरते. हे सगळं तिने नीट सांगितलं. पण लोक तिच्या पुढच्या 'पानी'ची वाट बघत होते. तो आला की कोणीतरी खोकायचं.

"बस खाली," सर म्हणाले.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर सालोमी हेमांगीकडे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "ताई, सरांचं सोडा. तुमी स्वतः करून बघा ना."

हेमांगीने करून बघितलं. डबी बंद केली, मीटरवर शून्य आल्याची खात्री केली, वाकली आणि फुंकर घातली. आकडे भराभर चढले. ती सरळ झाली, आकडे सावकाश उतरले. पुन्हा वाकली, पुन्हा चढले. चार वर्षांची मेहनत, दोन निबंध, नाक्यावर दाखवलेला तो अंक, सगळं त्या चढउतारात होतं. शेजारी उभी राहून सालोमी तिच्याकडे बघत होती. आता ताई काहीतरी म्हणतील, अशा विश्वासाने.

हेमांगीने मीटर बंद केला.

"इथे येताना तोंड नीट धुऊन येत जा," ती म्हणाली. "मासळीच्या वाफेने काचा खराब होतात."

सालोमीचं तोंड जरासं उघडं राहिलं. मग मिटलं. तिने आपली डबी उचलली, झाकण लावलं आणि ती जागच्या जागी ठेवून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "या मुलीच्या हाताने काचा बिघडतात, असं मला वाटतं. काय गं हेमांगी?"

"हो सर."

एवढंच. सालोमीचं नाव विभागातून गेलं. वसई पूर्वेला थर्मामीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तपासणीला लागली, असं नंतर कुणीतरी सांगितलं. हेमांगीला सुटल्यासारखं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच सुटल्यासारखं वाटणं टोचायचं, पण झोप लागायची.

प्रबंध पूर्ण झाला. मौखिक परीक्षा पावसाळ्यात ठरली. तारीख सरांनीच मागून घेतली होती. हे नंतर आठवलं तेव्हा हेमांगीला कळलं, की काचा दमट हवेतच चालतात हे सरांना पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या परीक्षक म्हणून घाटावरच्या एक प्राध्यापिका आल्या, पांढऱ्या केसांच्या, मऊ बोलणाऱ्या. हेमांगीचं सादरीकरण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मागे हिरामणअण्णा आणि नर्मदाबाई बसले होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मांडीवर चाफ्याच्या फुलांचा पुडा.

"फार सुरेख," परीक्षक म्हणाल्या. "मला एक पट्टी बघायला मिळेल?"

सगळे मागच्या खोलीत गेले. दिवा लावला, आकडा आला. सर हसले.

"आता दिवा बंद करा."

बंद केला.

"खोलीतले दिवेही बंद करा. आणि पट्टी कशाने तरी झाका."

हेमांगीने काळा कागद ठेवला. अंधारात मीटरचा हिरवा आकडा तेवढा दिसत होता, आणि तो शून्य नव्हता. बाहेर पाऊस पत्र्यावर आपटत होता.

"प्रबंधातल्या सगळ्या आलेखांत अंधारातली रेघ शून्यातून जाते," परीक्षक म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "ही का नाही जात?"

हेमांगीने अंधारातच सरांकडे बघितलं. दिवे लागले. सरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. इतकं साफ आणि खरं वाटणारं आश्चर्य, की क्षणभर तिलाच शंका आली.

"हेमांगी," ते म्हणाले, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

ती म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात शून्य सरकव."

"मी?" सर परीक्षकांकडे वळले. त्यांच्या आवाजात दुःख होतं. "विद्यार्थ्यांवर विश्वास टाकतो आपण. बागायतदाराची मुलगी, पुढे यावी म्हणून किती धडपडलो मी."

दारापाशी उभ्या असलेल्या अण्णांना एवढंच कळलं की सर मुलीबद्दल काहीतरी चांगलं बोलतायत. त्यांनी पुढे होऊन फुलांचा पुडा सरांच्या हातात दिला. सरांनी तो घेतला.

चौकशीसाठी समिती बसली. सरांचे दोन जुने मित्र आणि बाहेरचे एक गृहस्थ. शून्य सरकवायला सरांनी सांगितलं, हे हेमांगीचं म्हणणं. सर म्हणत, मला माहीतच नव्हतं. साक्षीला कोण? आठवत आठवत हेमांगी एकाच नावापाशी आली. सरांना अंधारातल्या विजेबद्दल भर बैठकीत सांगणारी एकच मुलगी होती. बैठकीतल्या बाकीच्यांना तर काहीच आठवत नव्हतं. त्यांच्या प्रबंधांवर अजून सरांची सही व्हायची होती.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या सुमारास ती पाचूबंदरला गेली. बरोबर केळ्यांची फणी. सालोमी चर्चहून नुकतीच आली होती, डोक्यावरची ओढणी अजून तशीच. तिने हेमांगीला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. हेमांगीने सगळं सांगितलं. सांगताना ती रडली. सालोमी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती.

"तू फक्त खरं सांग," हेमांगी म्हणाली. "सरांना माहीत होतं एवढं सांग. मी तुझे उपकार विसरणार नाही."

"येते मी," सालोमी म्हणाली.

"खरंच?"

"खरं सांगायचंय ना? येते. चहा प्या, थंड होतो."

हेमांगीने तिचे हात धरले. परत जाताना उमेळ्याच्या वळणावर तिने स्कूटर थांबवली आणि एकटीच हसली, कितीतरी दिवसांनी.

समितीपुढे सालोमी कारखान्याच्या गणवेशातच आली, अर्ध्या दिवसाची रजा काढून. खुर्चीवर ताठ बसली. सर तिच्याकडे बघत नव्हते. ती आपल्या भाषेत, जराही न बदलता, बोलली.

"सरांना मी सांगितलं व्हतं. काच पान्यावर चालते, उजेडावर नाय. भर बैठकीत सांगितलं. सर हसले."

"तुम्ही म्हणता ते इतर कोणाला आठवत नाही," सरांच्या मित्रांपैकी एक म्हणाले.

"ताईंना आठवेल ना."

हेमांगीने जोरात मान हलवली. "हो, आठवतं."

"त्याच दिवशी दुपारी मी ताईंना पन सांगितलं," सालोमी पुढे म्हणाली. "ताईंनी माझ्यासमोर फुंकर मारून बघितली. एकदा नाय, दोनदा. आकडा चढला. त्यांनी बघितला, मी त्यांचं तोंड बघत व्हते."

बाहेरच्या गृहस्थांनी चष्मा काढला. "मग चुरी काय म्हणाल्या?"

"म्हनाल्या, तोंड धुऊन येत जा, मासळीच्या वाफेने काचा खराब होतात." सालोमीने हे रागाने सांगितलं नाही. कारखान्यात थर्मामीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं सांगितलं. "मग पुढच्या आठवड्यात सरांनी विचारलं, हिच्या हाताने काचा बिघडतात का, तर हो म्हनाल्या. मग मी गेले."

"हे खरं आहे?" त्यांनी हेमांगीला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तिने सालोमीकडे बघितलं. सालोमी पूर्वी मीटरपाशी उभी होती तशीच तिच्याकडे बघत होती, फक्त आता त्या नजरेत वाट बघणं नव्हतं.

"खरं आहे," हेमांगी म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात तिने सालोमीला गाठलं. "मी तुला मदतीला बोलावलं होतं."

"खरं सांगायला बोलवलं व्हतं. अर्धं सांग असं नाय म्हनालात."

"मी बुडाले, सालोमी."

"मी पन बुडालेच व्हते ना, ताई." तिने पिशवी खांद्याला लावली. "मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग झालं." दोन पायऱ्या उतरून ती थांबली, मागे न बघता म्हणाली, "केळी गोड व्हती. आई विचारत व्हती कोनी दिली," आणि गेली.

समितीने सालोमीची साक्ष अर्धीच उचलली. हेमांगीला माहीत होतं, हे तिने स्वतः कबूल केलेलं, म्हणून सिद्ध. सरांना माहीत होतं, याला मात्र दोन तरुण मुलींच्या शब्दांपलीकडे आधार नाही. त्यातली एक तर खोटे आलेख काढणारी. हेमांगीची नोंदणी रद्द झाली. सरांवर देखरेखीत ढिलाई झाल्याचा ठपका, तोही तोंडी, कारण त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. दोन्ही निबंध मागे घेतले गेले. मागे घेतानाच्या टिपणात चुकीचं कारण म्हणून एकच नाव होतं.

तिला शाळेत नोकरी शोधायची होती, आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवल्याचा दाखला विभागप्रमुखाच्या सहीशिवाय मिळत नव्हता. विभागप्रमुख सरच होते. ती बोळिंजला त्यांच्या फ्लॅटवर गेली. दार त्यांच्या पत्नीने, विनयाबाईंनी उघडलं, आणि आपण काहीच ऐकलेलं नाही अशा थाटात तिला सरबत दिलं.

"दाखला देईन ना," सर म्हणाले. "शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे. विद्यार्थ्यांच्या वतीने कोणी बोलेना. सगळे घाबरट. तू बोल. सगळ्यात जुनी तू."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शुक्रवारी ती बोलली. सरांनी आम्हाला हात दिला, नजर दिली, चुकीची काच फेकून द्यायची हिंमत दिली, असं ती म्हणाली. छापील मराठीत, कुठेही न अडखळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं, तरी वाजवल्या. कदाचित म्हणूनच जोरात वाजवल्या. बोलताना तिला कळलं, यातलं सगळंच खोटं नाही. सरांनी तिला खरोखर पुष्कळ शिकवलं होतं. ते शिकलेलं तिने त्या शनिवारच्या दुपारी सालोमीवर वापरून बघितलं होतं, आणि ते चांगलं चाललं होतं.

"छान बोललीस," सर म्हणाले. "एवढे गुच्छ जरा गाडीपर्यंत आण." तिने आणले. दाखला सोमवारी मिळाला. त्यावर लिहिलं होतं, की अर्जदार मेहनती आहे, मात्र मोजमापाच्या कामात तिच्यावर देखरेख असावी. तिने तो तसाच शाळेत दिला, दुसरा नव्हताच. शाळेने बघितलाही नाही. आठवी-नववीला विज्ञान शिकवणारं कोणीतरी त्यांना हवंच होतं.

घरी तिने सांगितलं ते एवढंच, की परीक्षेत राहिलं. अण्णांनी "पुढच्या वेळी" म्हटलं. पुढची वेळ नसते, हे तिने सांगितलं नाही. गावात डॉक्टरीण चालूच राहिली. दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर, बसमध्ये. प्रत्येक वेळी ती तोंडाशी आलेला शब्द गिळून हसायची.

कार्तिकात निर्मळची यात्रा भरली. तळ्याच्या काठाने खाज्याच्या मिठाईची, भांड्यांची, खेळण्यांची दुकानं लागली. अण्णांचे एक मावसभाऊ उमेळ्याहून आले होते, बरोबर त्यांचे नवे व्याही. गर्दीत त्यांनी हेमांगीला ओढून पुढे केलं. "ही आमची डॉक्टरीण. काचेतनं वीज काढते. पेपरात आली होती."

व्याह्यांनी हात जोडले. "वा! मग आता कुठे असता?"

अण्णा शेजारी उभे होते, छाती पुढे काढून. हेमांगीने तोंड उघडलं ते नेहमीसारखं हसायलाच. पण शब्द दुसरे आले, आणि आले ते घरच्या बोलीत, भर यात्रेत, परक्या माणसांसमोर. डॉक्टर नाही झाले, ती म्हणाली. मी खोटं मोजलं. जिने खरं मोजलं तिला मी हाकलून दिलं. म्हणून मलाही काढलं.

मावसकाका हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. व्याही खाज्याच्या दुकानाकडे बघू लागले.

अण्णा वळले आणि गर्दीतून घराच्या दिशेने चालू लागले. नर्मदाबाई हेमांगीच्या दंडाला धरून मागोमाग आल्या. अंगणात पोचल्यावर अण्णा थांबले.

"खोटं केलंस ते केलंस," ते म्हणाले. "माणसांत बोलायची काय गरज होती? घरात बोलायचं. मी झाकलं असतं."

"म्हणूनच घरात बोलले नाही, अण्णा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते तिला ओळखायचा प्रयत्न करत होते, आणि ते जमत नव्हतं. मग ते पाय धुवायला गेले.

जेवताना त्यांनी पाट उचलून पडवीत नेला. नर्मदाबाई ताट घेऊन बाहेर गेल्या, रिकाम्या हाताने परत आल्या आणि मुलीसमोर बसल्या. "जेव," त्या म्हणाल्या. हेमांगी जेवली. दुसऱ्या दिवशी अण्णा फुलांच्या टोपल्या घेऊन नाक्यावर गेले, तेव्हा कोणीतरी डॉक्टरीण कशी आहे म्हणून विचारलं. "ती मास्तरीण आहे," अण्णा म्हणाले आणि टोपली टेम्पोत चढवली. हे तिला शेजारणीकडून कळलं. त्यांनी स्वतः तिच्याशी तिच्या कामाचा विषय पुन्हा कधीच काढला नाही.